२.७४ जीपीए घेऊन मेडिकलला जाता येईल का?

वाचकाचा प्रश्न

न्यू जर्सीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय ३१. सातवीत असताना ती आईवडिलांबरोबर साताऱ्याहून अमेरिकेत गेली. आता तिथली नागरिक आहे. अठराव्या वर्षी राज्य विद्यापीठात ‘प्रीमेड’ म्हणून, म्हणजे पदवीबरोबर मेडिकलची पूर्वतयारी करायला, दाखल झाली. पहिल्याच सत्रात कॅल्क्युलसला डी मिळाला. दुसऱ्या वर्षी ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत एफ, फिजिक्स अर्ध्यावर सोडलं आणि एक सत्र प्रोबेशनवर (कमी ग्रेडमुळे मिळालेल्या ताकिदीवर) काढलं. त्याच दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. मग विषय बदलून तिनं अर्थशास्त्राची पदवी घेतली. शेवटचा जीपीए, म्हणजे ए ग्रेडचे चार गुण धरून काढलेली सरासरी, २.७४. पुढे रुग्णालयाच्या बिलिंग विभागात नोकरी, लग्न आणि एक मुलगी, जी आता तीन वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी ती गावातल्या स्वयंसेवी ॲम्ब्युलन्स पथकात ईएमटी (तातडीचे उपचार करणारी कार्यकर्ती) म्हणून जायला लागली आणि डॉक्टर व्हायची जुनी इच्छा परत जागी झाली. गेल्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजात) बायॉलॉजी आणि जनरल केमिस्ट्री केली, दोन्हींत ए. नवरा ‘कर’ म्हणतो. पुण्याच्या सासूबाई ‘आता या वयात?’ म्हणतात. मावसभाऊ म्हणतो, कॅरिबियनला जा, नाहीतर भारतात एनआरआय कोट्यातून एमबीबीएस करून टाक. तिचे प्रश्न असे: येत्या जूनमध्ये अर्ज करू का? हा जुना डाग कसा पुसू? अर्जाच्या निबंधात बाबांच्या आजारपणाबद्दल लिहू का? पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: ‘बाबांना अजून काहीच बोलले नाही. प्रवेश मिळाला की सांगेन.’

उत्तर

येत्या जूनमध्ये अर्ज करू नकोस. बाकी सविस्तर लिहितेच, पण हे आधी सांगून टाकते, कारण तुझ्या पत्रातला सगळ्यात घाईचा प्रश्न हाच आहे. आज तुझ्याकडे दोन नवे ग्रेड आहेत. एमकॅट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दिलेली नाहीस. विज्ञानाच्या एकाही प्राध्यापकाचं शिफारसपत्र नाही. अशा अर्जावर वीस-पंचवीस कॉलेजांची फी भरशील, वर्षभर ईमेल उघडून बघत बसशील आणि पुढच्या खेपेला त्यातली बरीच कॉलेजं विचारतील, ‘मागच्या अर्जानंतर काय बदललं?’ हा प्रश्न ओढवून घेण्यापेक्षा पहिलाच अर्ज भरभक्कम करावा. उशीर झालाय या भावनेनं माणूस घाई करतो आणि त्या घाईतच खरा उशीर होतो. तुझ्यासारख्या परिस्थितीतले अनेक जण तिथेच दोन वर्षं गमावतात.

आता डागाबद्दल. तुझं पत्र मी परत वाचलं. अर्ध्याहून जास्त मजकूर एकोणिसाव्या वर्षाबद्दल आहे आणि ॲम्ब्युलन्स पथकाबद्दल दीड वाक्य. प्रवेश समिती आपल्याला माफ करेल की नाही, अशा धास्तीनं तू लिहितेस. पण समितीच्या टेबलावर माफीचा विषय नसतो. मेडिकलच्या पहिल्या दोन वर्षांत जेवढं विज्ञान डोक्यावर येऊन पडतं तेवढं या बाईला झेपेल का, एवढंच त्यांना ठरवायचं असतं. त्याचा पुरावा बारा वर्षांपूर्वीचा असला काय, नसला काय, त्यांना कालपरवाचा हवा असतो.

डाग पुसण्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून बघ, म्हणजे त्याच्यामागे धावणं आपोआप थांबेल. पदवीचे क्रेडिट (विषयांचे भारांक) १२४ धरू. २.७४नं गुणले की ३४० गुणांच्या आसपास होतात. पुढे ३६ क्रेडिट घेतलेस आणि सगळीकडे ए मिळवलास, तर एकूण जीपीए होतो ३.०२. साठ क्रेडिट घेतलेस, तेही सगळे ए, तरी ३.१५. अमेरिकेत एमडीला (तिथे ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांची सरासरी ३.८च्या आसपास असते. म्हणजे दोन-तीन वर्षं जिवाचं रान केलंस तरी सरासरी गाठता येणार नाही. एफ मिळालेला विषय परत केलास तरी जुना ग्रेड जात नाही. एमडी कॉलेजांची सामायिक अर्जसेवा, म्हणजे ॲमकॅस, दोन्ही ग्रेड मोजते. ऑस्टिओपॅथिक, म्हणजे डीओ ही डॉक्टरकीची दुसरी पदवी देणाऱ्या कॉलेजांच्या अर्जात पूर्वी नवा ग्रेड जुन्याची जागा घेत असे. ती सोय २०१७मध्ये बंद झाली, पण तिच्या भरवशावर दिलेले सल्ले अजून फिरत असतात. त्यावर विसंबू नकोस. (टेक्सासमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी: तिथे दहा वर्षांपूर्वीचे क्रेडिट हिशेबातून वगळण्याचा ‘ॲकॅडेमिक फ्रेश स्टार्ट’ नावाचा कायदेशीर मार्ग आहे. पण वगळायचे तर सगळेच वगळावे लागतात, चांगले ग्रेडसुद्धा. त्यामुळे आधी विद्यापीठातल्या सल्लागाराशी बोला.)

हे वाचून खचू नकोस, कारण ॲमकॅस फक्त एक आकडा पाठवून थांबत नाही. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष, असं करत प्रत्येक वर्षाची वेगळी ओळ जाते. त्यातही बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा हिशेब वेगळा मांडलेला असतो. आणि पदवीनंतर घेतलेल्या अभ्यासक्रमांना स्वतंत्र ओळ असते. तुझ्या त्या ओळीत आज दोनच विषय आहेत. तिथे तीसेक क्रेडिटचं कठीण विज्ञान आणि त्यासमोर ३.८-३.९ दिसलं, तर वाचणाऱ्याला वरच्या ओळींचा अर्थ वेगळा लागतो. तुझ्या हातात आहे ती ही ओळ.

अर्थात, काही कॉलेजं ठरावीक आकड्याखालचे अर्ज माणसाच्या नजरेपर्यंत पोचूच देत नाहीत. म्हणून कॉलेजांची निवड डोळसपणे कर. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची एमएसएआर नावाची माहितीसूची आहे, थोडे पैसे भरून वर्षभर वापरता येते. त्यात बहुतेक जण सरासरी बघतात आणि हताश होतात. तू दहाव्या पर्सेंटाइलचा आकडा बघ. प्रवेश मिळालेल्यांमधले तळाचे लोक कुठे होते, ते त्यातून कळतं. आपल्या राज्यातल्या विद्यार्थ्यांना झुकतं माप देणारी कॉलेजं आधी घे. डीओ कॉलेजांचा गंभीरपणे विचार कर; तिथले आकडे थोडे खाली असतात आणि आयुष्यात उशिरा वळलेल्या माणसांना ती जास्त सामावून घेतात. २०२०पासून एमडी आणि डीओ दोघांची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण, एकाच व्यवस्थेखाली आहे आणि डीओ अमेरिकेच्या कुठल्याही राज्यात पूर्ण परवान्यानं औषधोपचार आणि शस्त्रक्रिया करू शकतो. सासरी डीओ म्हणजे काय ते समजावताना घाम फुटेल, ही एक अडचण मात्र मान्य.

आता अभ्यासाचं. कम्युनिटी कॉलेजपासून सुरुवात केलीस ते योग्यच होतं. स्वस्त, घराजवळ, आणि सवय मोडलेल्या डोक्याला परत वळण लावणारं. पण सगळं तिथेच उरकू नकोस. ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, मग बायोकेमिस्ट्री, जेनेटिक्स, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी हे चार वर्षांच्या विद्यापीठात कर. त्यासाठी नावाजलेल्या, महागड्या पोस्ट-बॅक (पदवीनंतरच्या मेडिकल पूर्वतयारीच्या) कार्यक्रमात जायलाच हवं असं नाही. राज्य विद्यापीठात पदवीशिवायची विद्यार्थिनी म्हणून एकेक विषय घेता येतो. नावाजलेल्या कार्यक्रमांतले पुष्कळसे मुळात ज्यांनी विज्ञान कधी शिकलंच नाही आणि ज्यांचे जुने ग्रेड चांगले आहेत, अशांसाठी बेतलेले असतात. तू त्यात बसत नाहीस.

तुझ्या पत्रातून मला एकच शंका राहते, ती वेगाची. पूर्ण वेळ नोकरी करत एका सत्राला एक विषय घेऊन ए मिळवणं चांगलंच. पण समितीला हेही बघायचं असतं की तीन-चार विषय एकदम आल्यावर काय होतं. तुझी पहिली पडझड नेमकी तशाच वेळी झाली होती. तेव्हा दोन वर्षांतली निदान दोन सत्रं पूर्ण भाराची असू देत. त्यासाठी नोकरी अर्धवेळ करावी लागेल, कदाचित काही महिने सोडावी लागेल, आणि हे पगाराचं गणित नवऱ्याबरोबर आजच मांडायला हवं. ‘कर’ म्हणणारा नवरा मिळणं हे भाग्यच, पण आता त्याला तपशील विचार. मंगळवार-गुरुवारी लॅब संध्याकाळी सहा ते दहा असेल, तर मुलीला डे-केअरमधून कोण आणणार? तिला ताप आला आणि तुझी परीक्षा असली तर रजा कोणाची? पुढे रेसिडेन्सी कुठे मिळेल ते दर मार्चमध्ये ‘मॅच’ ठरवते. ओहायोतलं एखादं गाव आलं, तर त्याची नोकरी त्याला तिथे हलवता येईल का? सासूबाईंच्या ‘या वयात?’पेक्षा या प्रश्नांची उत्तरं जास्त निर्णायक आहेत.

स्पेशल मास्टर्स कार्यक्रमाबद्दल तू विचारलं नाहीस, पण कुणीतरी सुचवेलच. मेडिकलच्या पहिल्या वर्षाचेच विषय, काही ठिकाणी मेडिकलच्याच विद्यार्थ्यांबरोबर बसून शिकायचे, असा तो एक-दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. उत्तम केलंस तर ‘झेपेल का?’ या प्रश्नाचं त्याहून ठोस उत्तर नाही. पण तो फार महाग असतो, त्याचे ग्रेड पदवीच्या जीपीएत मिसळत नाहीत, आणि तिथे बी-सी आले तर पुढे दाखवायला काही उरत नाही. म्हणून तो शेवटचा पत्ता ठेव. आधी पदवी पातळीवरचं विज्ञान नीट करून बघ.

एमकॅटबद्दल थोडक्यात. ४७२ ते ५२८ अशी तिची गुणपट्टी, मधला बिंदू ५००. एमडीला प्रवेश घेणाऱ्यांची सरासरी ५११-५१२च्या घरात, डीओची त्याहून सात-आठ गुणांनी खाली. जीपीए कमी असलेल्या माणसाला इथे सरासरी गाठून भागत नाही, थोडं वर असावं लागतं. बायोकेमिस्ट्री झाल्याशिवाय बसू नकोस. सरावाच्या पूर्ण परीक्षा घरी घड्याळ लावून दे (मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तास जातात) आणि हवे तेवढे गुण सरावात लागोपाठ पडेपर्यंत खऱ्या परीक्षेची तारीख घेऊ नकोस. गुण साधारण दोन-तीन वर्षंच चालतात, म्हणून फार लवकर देऊनही उपयोग नाही. चार भागांतला उताऱ्यांच्या आकलनाचा भाग पाठांतरानं येत नाही. त्यासाठी रोज अर्धा तास कठीण इंग्रजी गद्य वाचायची सवय आत्तापासूनच लाव.

बाबांच्या आजारपणाबद्दल लिहू का, या तुझ्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ अडखळले. लिही. पण आधी तारखा जुळवून बघ. झटका दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये आला. कॅल्क्युलसचा डी त्याच्या सव्वा वर्ष आधीचा आहे. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या गुणपत्रकावर, प्रत्येक सत्राची तारीख असते आणि समितीतला माणूस ती वाचतो. सगळी पडझड आजारपणाच्या खात्यात टाकलीस, तर त्याला पहिलं सत्र खुपेल आणि मग खरं होतं तेही खोटं वाटायला लागेल.

मग पहिल्या वर्षी काय झालं होतं? पत्रात एक शब्द नाही. मला अंदाज आहे, चुकला तर सोडून दे. शाळेत हुशार म्हणून गणली गेलेली मुलगी. घरात ‘आमची डॉक्टर होणार’ हे ठरलेलं. आदल्या रात्री वाचून चाचणी द्यायची सवय. आणि पहिल्यांदा न समजणारा धडा समोर आल्यावर प्राध्यापकांच्या ऑफिसात जाऊन ‘मला कळत नाही’ म्हणायची लाज. स्थलांतरित घरांतल्या कितीतरी मुलांचं असं होतं. घरी विचारायला कोणी नाही, कारण आईवडिलांना ती व्यवस्थाच माहीत नाही, आणि बाहेर विचारायचं म्हणजे घराची अब्रू गेली. तुझंही यातलं काही असेल, तर तेच लिही, दोन वाक्यांत. आणि त्याच्यापुढे हे लिही की गेल्या वर्षीच्या दोन ए ग्रेडसाठी तू काय वेगळं केलंस. त्या अर्जात अपयशाचं कारण जेवढं महत्त्वाचं, त्याच्या दसपट महत्त्व या दुसऱ्या भागाला आहे.

कुठे काय लिहायचं त्याचंही गणित आहे. ॲमकॅसचा मुख्य निबंध ५,३०० अक्षरांचा असतो, म्हणजे जेमतेम दीड पान. तिथे रुग्ण आणि तू दिसायला हवी. एकोणिसाव्या वर्षाला फार तर एक परिच्छेद. अडचणीच्या परिस्थितीसाठी आता वेगळी जागा आहे, १,३२५ अक्षरांची. बाबांचं आजारपण, घरची कमाई थांबणं, शिकता शिकता तू केलेल्या नोकऱ्या, हे तिथे जाऊ दे. कळवळा आणायचा प्रयत्न करू नकोस. काय झालं, किती काळ चाललं, तू काय केलंस. बस.

प्रोबेशनबद्दल एक सावधगिरी, आणि ही तुझ्यासारख्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी. अभ्यासातल्या कामगिरीवरून किंवा वर्तनावरून विद्यापीठानं तुमच्यावर कधी कारवाई केली होती का, असा प्रश्न अर्जात असतो. ट्रान्सक्रिप्टवर त्याची नोंद दिसत नसली तरी उत्तर खरं द्यावं लागतं. जुन्या विद्यापीठाच्या रजिस्ट्रारला पत्र लिहून तुझ्या नोंदीत नेमकं काय आहे ते विचार आणि त्यांचं उत्तर जपून ठेव. तसंच ज्या ज्या कॉलेजात एखादा तरी विषय नोंदवला असेल, मग तो अर्ध्यात सोडलेला का असेना, त्या सगळ्यांचे ट्रान्सक्रिप्ट द्यावे लागतात. खराब ग्रेड चालून जातो, लपवलेला चालत नाही.

शिफारसपत्रांसाठी बहुतेक कॉलेजं विज्ञानाच्या दोन प्राध्यापकांची मागणी करतात. बारा वर्षांपूर्वीच्या कुणाला तुझं नावही आठवणार नाही. म्हणजे नव्या वर्गात पहिल्या आठवड्यापासून पुढच्या बाकावर बसणं आणि प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जाणं हा आता अभ्यासक्रमाचाच भाग. एकतीस वर्षांची, प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी त्यांच्या लक्षात राहते. वयाचा एवढा फायदा घे.

आता मला तुला एक अवघड गोष्ट विचारायची आहे. तो डी आणि तो एफ कधी मिळालेच नसते, तू अर्थशास्त्रच मनापासून निवडलं असतंस, तर आज एकतीसाव्या वर्षी तुला डॉक्टर व्हायचं असतं का? अर्धवट राहिलेलं काम पुरं करायची इच्छा फार जोरदार असते, आणि ती कामाच्या ओढीसारखीच वाटते. मी हे तुला मागे खेचायला विचारत नाही. मुलाखतीत हाच प्रश्न वेगळ्या कपड्यांत येणार आहे: नर्स प्रॅक्टिशनर (जादा शिक्षण घेऊन उपचार करणारी नर्स) का नको, फिजिशियन असिस्टंट (डॉक्टरबरोबर उपचार करणारी ‘पीए’) का नको? तुझ्याकडे पदवी आहे. पीएचा अभ्यासक्रम साधारण सव्वादोन वर्षांचा असतो, आणि रुग्णांची प्रत्यक्ष सेवा केलेले तास तिथे मोजले जातात. ईएमटीचे तुझे तास आहेतच. पदवीधरांना नर्सिंगची वेगवान पदवी वर्ष-दीड वर्षात करता येते. हे दुय्यम दर्जाचे पर्याय म्हणून सांगत नाही. ज्या कामात तुला समाधान मिळतं ते रुग्णाशेजारी बसून धीर देण्याचं आहे, की निदानाचं कोडं सोडवून शेवटचा निर्णय स्वतःच्या सहीनं घेण्याचं, यावर उत्तर अवलंबून आहे. ॲम्ब्युलन्समधून रुग्ण इमर्जन्सीच्या दारात सोपवून परत फिरताना तुला कशाची चुटपुट लागते, ते लिहून काढ. तुझ्या निबंधाची खरी सुरुवात बहुधा तिथेच सापडेल. आणि एखाद्या फॅमिली डॉक्टरबरोबर काही दिवस सावलीसारखी राहा, त्याचे दुपारचे संगणकावर नोंदी भरण्याचे कंटाळवाणे तास धरून. ते बघूनही इच्छा टिकली, तर माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. डीओ कॉलेजांत अर्ज करणार असशील तर एका डीओबरोबरही वेळ घालव. त्यांतली काही कॉलेजं डीओचं पत्र मागतात.

मावसभावाच्या सल्ल्यांकडे वळते. कॅरिबियनमधल्या खासगी कॉलेजांत प्रवेश सहज मिळतो, हे खरं. अडचण प्रवेशानंतरची आहे. परदेशी कॉलेजातून शिकून आलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी अलीकडच्या वर्षांत साधारण तिघांतल्या दोघांना मॅचमध्ये रेसिडेन्सी मिळते. अमेरिकेतल्या एमडी आणि डीओ विद्यार्थ्यांत हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर आहे. आणि त्या ‘तिघांत’ मध्येच गळालेले धरलेले नसतात. ज्यांची पहिली दोन वर्षं एकदा कोसळली आहेत, त्यांनी मोठे वर्ग आणि कमी आधार असलेल्या ठिकाणी कर्ज काढून जाणं मला धोक्याचं वाटतं. अमेरिकेतले दोन नीट केलेले अर्ज फसल्याशिवाय तिकडे बघू नकोस.

भारताची गोष्ट वेगळी. तिथे तुझा २.७४ कुणी विचारणार नाही, वयाची वरची अटही २०२२मध्ये गेली. पण ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, बारावीला फिजिक्स-केमिस्ट्री-बायॉलॉजी-इंग्रजी असल्याचं आणि तुझं हायस्कूल भारतीय बारावीच्या तोडीचं असल्याचं सिद्ध करावं लागेल. ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड ४ मार्च २०२१नंतर घेतलेलं असेल तर त्या दिवशीच्या अधिसूचनेप्रमाणे एनआरआय जागांवरच हक्क सांगता येतो, आणि त्यांची फी तू जाणतेसच. साडेपाच वर्षं तिथे काढून परत यायचं, यूएसएमएलईच्या (अमेरिकेतल्या डॉक्टरकीच्या परवान्याच्या) परीक्षा द्यायच्या, आणि मॅचमध्ये उभं राहायचं ते परदेशी पदवीधर म्हणूनच. घर कायमचं पुण्याला हलवणार असाल तर हा मार्ग सरळ आहे. न्यू जर्सीत राहायचं असेल तर तो वळसा आहे.

वयाचा हिशेब असा: दोन वर्षं अभ्यास, एक वर्ष अर्जाचं, चौतिसाव्या वर्षी प्रवेश, अडतिसाव्या वर्षी पदवी, फॅमिली मेडिसिन घेतलंस तर एक्केचाळिसाव्या वर्षी रेसिडेन्सी पूर्ण. तेव्हा तुझी मुलगी तेरा वर्षांची असेल. पुढे पंचवीस वर्षं काम करता येईल. कुणीतरी तुला आनंदीबाई जोशींचं उदाहरण देईलच, पण त्या पेनसिल्व्हेनियात एमडी झाल्या तेव्हा विशीच्या आसपास होत्या. तुझ्या कामाच्या रखमाबाई. नवऱ्यानं घातलेला खटला वर्षानुवर्षं लढून त्या लंडनला शिकायला गेल्या त्या पंचविशीच्या सुमारास, डॉक्टर झाल्या १८९४मध्ये, तिशीला टेकताना, आणि मग सुरत-राजकोटकडे अनेक वर्षं रुग्णसेवा केली. सासूबाईंशी बोलताना हे नाव उपयोगी पडेल.

पैशांची एक गोष्ट नवी आहे. १ जुलै २०२६पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद, असा नियम झाला आहे. मेडिकलसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५०,००० डॉलर आणि एकूण दोन लाख. बऱ्याच कॉलेजांचा वर्षाचा एकूण खर्च याहून जास्त आहे, म्हणजे वरची रक्कम खासगी कर्जातून किंवा खिशातून. त्यामुळे राज्यातल्या सरकारी कॉलेजाचं महत्त्व आणखी वाढतं. घरावर दुसरं कर्ज किंवा नवी गाडी या दोन वर्षांत नको. उत्पन्न कमी असेल तर अर्जाच्या फीत मदत करणारी योजना आहे, तिची अट वाचून बघ. आणि एच-४ (नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या) किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या वाचकांसाठी: ग्रीन कार्ड नसलेल्यांना घेणारी मेडिकल कॉलेजं थोडी आहेत, त्यामुळे अभ्यासावर पैसे घालण्याआधी कोणती कॉलेजं तुमचा अर्ज स्वीकारतात त्याची यादी करा.

थांबायचं कधी, हेही आत्ताच ठरव, डोकं शांत असताना. माझी सूचना अशी: सप्टेंबरपासून ऑर्गॅनिक आणि फिजिक्स. त्या वर्षी ए आणि एखादा बी असे ग्रेड आले तर पुढच्या वर्षी पूर्ण भार आणि एमकॅट. सगळी तजवीज करूनही बी-सीच येत राहिले, तर तिथे थांब आणि पीए किंवा नर्सिंगचे अर्ज बाहेर काढ. केलेल्या विषयांतले बरेचसे तिथेही चालतील. ही रेघ नवऱ्याला दाखवून ठेव, म्हणजे त्या वेळी भांडण होणार नाही.

राहिले बाबा. प्रवेश मिळाल्यावर सांगेन म्हणतेस, म्हणजे आणखी तीन वर्षं. तीन वर्षं संध्याकाळी घरी नसशील, मुलीला सांभाळायला आईला बोलवशील, आणि त्यांना कळणार नाही? शिवाय निबंधात त्यांच्या आजारपणाबद्दल लिहायचं, तर त्यांना आधी विचारायला हवं. गोष्ट त्यांचीही आहे. पहिल्या खेपेला डॉक्टर व्हायचं त्यांनी ठरवलं होतं. या खेपेला तू ठरवलंयस, हे त्यांना निकालाआधी कळू दे. सप्टेंबरची नावनोंदणी केलीस की त्या शनिवारी जाऊन सांग.